नाव शेवटी

नाव : ................................

ही रेघ जोहरानं कोरीच ठेवली. घरोघरी रुग्णांकडे जाणारी नर्स म्हणून चार वर्षांत तिची ती रीतच झाली होती. आधी नाव लिहिलं की माणूस घाबरतो, वरून बोलावणं आल्यासारखा. म्हणून नाव शेवटी. विचारतानाही 'तुमचा श्वास' म्हणायचं नाही, नुसतं 'श्वास' म्हणायचं.

आज तिच्याजवळ शेवटचे उपचार हवे-नको ते लिहून घ्यायच्या कोऱ्या कागदाखेरीज काहीच नव्हतं. या घराची फाईल सोबतच्या नर्सकडे, अफसानाकडे, आणि अफसाना नांदेडला शिबिरात. "जगदेवी निवास, मागची टिनाची खोली. बोलणं सगळं झालंय, तू फक्त भरून आण," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

जोहरानं पेन आणि शाईचं पॅड स्टुलावर मांडलं.

समोर बाजेवर जगदेवी आडवी होती. सत्तरीची, चिमणीएवढी, कित्येक रात्री झोप नसल्यासारखी. पुढं तीन मजली इमारत, खोल्याखोल्यांत डॉक्टर व्हायला लातुरात आलेली पोरं. मागं ही एकटी टिनाची खोली. भूकंपापासून जगदेवी स्लॅबखाली झोपलेली नव्हती.

दाराशी खुर्चीत तिचा मुलगा शिवलिंग बसला होता. एप्रिलच्या उकाड्यात अंगावर शाल, दोन्ही हात शालीत. जोहरा आली तेव्हा तो उठला नाही, बोलला नाही. त्याचा आवाज मात्र वरून येत होता. पोरांच्या मोबाइलवर त्याचे धडे चालू होते, तीन-चार खोल्यांत एकदम, थोडे मागंपुढं. "फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नसतो," आवाज सांगत होता. नसतो, नसतो, असं ते जिन्यावरून खाली उतरायचं. सगळी दुपार त्या आवाजात पाण्यात सोडल्यासारखी हलत होती.

एवढा नावाजलेला मास्तर, जोहराच्या मनात आलं. आईसाठी मात्र एक शब्द नाही.

१. श्वास थांबायला लागला तर यंत्र लावायचं?

"न्हाई लावायचं." जगदेवीनं प्रश्न पुरा होऊ दिला नाही.

२. गळ्याला छिद्र पाडून नळी?

"ती बी नको."

शिवलिंगनं पापण्या मिटल्या, उघडल्या. बरोबर उत्तराला द्यावी तशी दाद.

"आजी, सावकाश. विचार करून सांगा."

"विचार काय करायचा, सिस्टर? पंधरा दिवस पाठ करून घेऊन राहिला ह्यो माझ्याकडनं. चुकलं की पापणी हलत न्हाई, मग पुन्हा पहिल्यापासनं. वरच्या पोरांना बी इतकं पिळलं नसंल."

जगदेवी हसली. जोहराला हसू आलं नाही. घरच्यांनी पढवलेली उत्तरं कशी ओळखायची, हे तिला शिकवलं होतं. या कागदावर डॉक्टरची सही झाली की त्याचा हुकूम होतो. एकदा खोटं 'नको' लिहिलं गेलं, तर शेवटच्या घटकेला पुन्हा विचारणारं कुणी नसतं.

"सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

शिवलिंग हसल्यासारखा झाला. जागचा हलला नाही.

"सर, तुमच्याशी बोलतेय मी."

"बसू द्या त्याला," जगदेवी म्हणाली. "त्याच्यासमोरच सांगायचं ठरलंय."

३. तोंडानं खाणं बंद झालं तर पोटातून नळी?

इथं जगदेवी अडली. स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. उजव्या हाताच्या तीन बोटांना नखं नव्हती.

"हे कशानं?" जोहरानं विचारलं.

"किल्लारीकडचं गाव आमचं. भूकंपात ह्यो सहा वर्सांचा, दगडाखाली. आधी आवाज येत व्हता, मग बंद झाला. माणसं म्हणली, आता कशाला उकरती बाई. मी उकरीत राहिले. दिवस मावळायला काढला. नखं तिथंच राहिली."

"आता सगळ्यांनी एकदा खोल श्वास घ्या," वरचा आवाज म्हणाला. वर कुठंतरी पोरांनी खरंच घेतला असावा. क्षणभर इमारत गप्प झाली.

जोहरानं खुर्चीकडं पाहिलं. ज्याला दगडाखालून काढलं, तोच आता... पुढचं तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही.

"नळी नको," जगदेवी भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "लिवा."

जोहरानं लिहिलं. मग बाजेच्या कडेला सरकून बसली, शिवलिंगकडं पाठ करून.

"आजी, खरं सांगा. हे तुमच्या मनचं हाय का?"

"माझ्या मनचं?"

"हाव."

"माझ्या मनचं कुणी विचारलंच न्हाई अजून." म्हातारीनं वर टिनाकडं पाहिलं. "माझ्या मनचं म्हणाल तर सगळं करा. यंत्र लावा, नळी घाला, छाती दाबा. शेवटपातूर सोडू नका."

जोहरानं एक उभी रेघ ओढून तिन्ही उत्तरं खोडली. बरं वाटलं. एक जीव वेळेत हाती लागला होता.

"हा कागद असा जाणार नाही, सर," तिनं वळून सांगितलं.

शिवलिंग आईकडं बघत होता. डोळे भरून गालावर ओघळले. पुसायला हात काही वर आला नाही.

जगदेवी उठली. चपला सरकवून खुर्चीपाशी गेली. पदरानं त्याचे डोळे टिपले, मग हनुवटी टिपली.

"दुसरा कागद काढा, सिस्टर," ती म्हणाली. "माझं मन ऱ्हाऊ द्या. आन ह्या बारीला नाव आधी लिवा, ह्याचं."

मग तिनं शालीतून लेकाचा लुळा हात बाहेर काढला, आपल्या बिननखांच्या बोटांत धरला, आणि त्याचा अंगठा शाईच्या पॅडवर हळूच टेकवला.