वजाची दोन बटणं

हेरेकर सरांनी दोन्ही कॅल्क्युलेटर काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि वही उघडली. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारलेली, डावीकडे ‘काळा’, उजवीकडे ‘पांढरा’.

“घरी नेऊन बघा, पटंल त्यो ठेवा,” असं साईनाथनंच काल सांगितलं होतं. शहापुरातलं हे दुकान त्याचं. पंचवीस वर्षांपूर्वी तो सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

“काळ्याची बटणं ठसठशीत आहेत,” सर वाचू लागले. “पण एकेका बटणावर तीन-तीन कामं. एक बटणावर, एक वर निळ्यात, एक हिरव्यात. पांढऱ्याची बटणं बारीक, पण मांडणी सरळ.”

“लई अभ्यास केलासा की सर.”

“आणि मुख्य म्हणजे, हा काळा बिघडलेला आहे. बदलून दे.”

बदलून मिळायलाच हवा होता. नात चिन्मयी रविवारी परदेशी शिकायला निघणार होती आणि तिथल्या कॉलेजनं काळाच आणायला सांगितला होता. आज संध्याकाळी ती त्यावर आलेख काढायला शिकणार होती, तेही आजोबांकडूनच. आजोबांना सगळं येतं, हे तिनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. आणि आजोबांना सकाळपासून एक आलेख येत नव्हता.

“वजा एक्स वर्ग,” म्हणत सरांनी बटणं दाबली. “साधा अन्वस्त. कुणीही काढेल.”

पडद्यावर अक्षरं उमटली, ‘सिंटॅक्स एरर’.

“बघ. मांडणी चुकली म्हणतो. मला!”

मग त्यांनी तेच पांढऱ्यावर दाबलं. पांढऱ्यानं मुकाट्यानं उलट्या वाटीसारखी रेघ काढून दाखवली.

आधार कार्ड लॅमिनेट करून घ्यायला आलेली जयाबाई मान लांब करून बघत होती. तिची दोन्ही पोरं सरांच्या हाताखालून गेली होती.

“सर चुकलं व्हय?” तिनं विचारलं.

“मशीन चुकलंय,” सर म्हणाले; पण आवाज जरा चिरकला.

साईनाथनं एकदा जयाबाईकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “सर, काळ्यात वजाची दोन बटणं हाईत.”

“दोन कशाला?”

“हे वजाबाकीचं. आन् हे खाली, एंटरच्या बाजूला, कंसातलं, ते ऋण आकड्याचं. तुम्ही वजाबाकीचं दाबतासा. त्यो इचारतोय, कशातनं वजा करू?”

चौतीस वर्षं फळ्यावर सरांनी एकच आडवी रेघ ओढली होती. तिला दोन बटणं लागतील, ही शंका त्यांना कधी शिवली नव्हती.

“मग हा पांढरा कसा चालवून घेतो?”

“त्यो समजून घेतोय. काळा कडक हाय.”

सरांनी काळा उचलून पुन्हा नीट पाहिला. आता त्याचा तेवढा राग येत नव्हता.

“मीसुद्धा चालवून घेतलं नसतं,” ते पुटपुटले. मग जयाबाईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “चिन्मयी सहाला येते. तोवर मला शिकवशील?”

“मी? सर, मी तुमच्याच विषयात दोनदा नापास झालतो.”

“ते असू दे रे.”

साईनाथनं स्टूल पुढं सरकवलं. सर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. साईनाथनं कॅल्क्युलेटर फडक्यानं पुसला, पडदा कोरा केला आणि गिऱ्हाइकाच्या हाती वस्तू देतानाच्या सवयीनं म्हणाला,

“हात पुढं करा.”

सरांच्या वर्गात हे शब्द एकाच माणसाच्या, सरांच्याच तोंडी असत आणि पाठोपाठ छडी येई.

सरांचा उजवा हात आपोआप पुढं आला. तळवा वर, बोटं जुळलेली, अंगठा आत. डोळे घट्ट मिटलेले.

साईनाथ कॅल्क्युलेटर हातात धरून तसाच थबकला.

“डोळं उघडा की सर,” जयाबाई म्हणाली. “मारत न्हाय त्यो.”