यंदाची वाईन

"या घरात काचेची एक वस्तू टिकेल तर शपथ," बेंजामिन खाली वाकून काचा गोळा करता करता पुटपुटला. त्याला वाटलं, बायको स्वयंपाकघरात आहे. आल्बिना त्याच्या मागेच उभी होती.

फुटली होती ती वाईनची गोडी मोजायची नळी. रसात सोडली की तरंगते, साखर किती उरली ते दाखवते. आधीची सिंकमध्ये फुटली होती. बरणीच्या झाकणातली बुडबुड्यांची वाकडी नळीही आल्बिनाच्याच हातून मोडली, झाकण लावताना जरा जोर पडला म्हणून.

"ओली होती रे. सटकली," ती म्हणाली.

"असू दे. पायात चप्पल घाल." त्याने वर पाहिलं नाही.

हे न बघणं तिला फार लागायचं. सासूबाई वसईला साध्या चिनी मातीच्या बरणीत, वर फडकं बांधून वाईन करायच्या. नळी नाही, काटा नाही, आणि नाताळला अख्खी आळी त्यांच्या ओट्यावर. त्या गेल्या, आणि आल्बिनाने इथेच आखातात, अल अमेरातला राहणाऱ्या दिराला फोनवर सांगून टाकलं, "इव्हान, यंदा माझ्या हातची." चर्चच्या कॉयरमधून तिला या वर्षी विश्रांती दिली होती, आवाज बसलाय म्हणाले. निदान वाईन तरी धड व्हावी, एवढीच तिची इच्छा होती.

हमरिया वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, कपाटामागे, एसीच्या गारव्याला बरणी बसली. तेव्हापासून घरातली माणसं आजाऱ्याभोवती बोलावं तशी हळू बोलायला लागली.

आल्बिना सगळं व्हिडिओ बघून शिकली होती. गाळणी उकळली, पळी उकळली, फडकी उकळली. तरी रसावर पांढरी साय धरलीच. व्हिडिओतली बाई म्हणाली, चव बघत राहा, नासत असेल तर जिभेला आधी कळतं. मग आल्बिना चव बघत राहिली. सकाळी थोडी, दुपारी थोडी. जंतू काही वेळ सांगून येत नाहीत. वर एक वेलदोडा चघळायची, नाहीतर आंबूस वास तोंडात राहायचा.

वास ही वेगळीच पंचाईत. घरात असलं काही करतो हे इथं बाहेर बोलायचं नसतं. खालच्या मजल्यावरच्या नूरबानूने आपल्या सनाला आल्बिनाकडे शिकवणीला पाठवणं एकदम बंद केलं. "पोरीला जरा आराम देते," जिन्यात ती गोड आवाजात म्हणाली. परीक्षा तोंडावर असताना कसला आराम? बरणीचा वास खाली पोचत असणार. आल्बिना वर आली ती दाराच्या फटीत टॉवेल कोंबूनच बसली.

पण खरी लाज तिने कोणाला सांगितली नव्हती.

वाईन पातळ होत चालली होती. जांभळासारखा रंग होता, तो गुलाबाच्या सरबतावर आला. बरणीला तिने खुणेचं रबर लावलं होतं. चवीपुरती ती काढायची, तरी सकाळी वाईन पुन्हा रबराला टेकलेली. एकदा बेंजामिनच बरणीपाशी सापडला. हातात पाण्याची बाटली.

"काय करतोस?"

"काही नाही. झाकण बघत होतो." त्याचे कान लाल झाले.

सासूबाई हसून सांगायच्या, लग्नाआधी बेन चोरून बरणीतली प्यायचा आणि पाणी ओतून भरून ठेवायचा. पुढे ते हसण्यासारखं राहिलं नाही. लेक ॲव्हरिल शाळेत जायला लागली तेव्हा त्याने सोडली, ती आजवर. आणि आता तिनेच घरात बरणी आणून ठेवली होती. हल्ली गाडीची किल्लीही तो खिशातून काढायचा नाही. कुठे जात असेल, देव जाणे.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी बाटल्या भरायच्या होत्या. ॲव्हरिलला कॉलेजला सुट्टी होती. आल्बिनाने कपात थोडी काढली, तोच लेकीने कप हळूच तिच्या हातातून घेतला आणि विसळून टाकला.

"इव्हानला मी सांगतो, वाईन खराब झाली," बेंजामिन म्हणाला. "साय आली म्हणतो. ओतून टाकू आणि खलास."

"खराब नाही झाली." आल्बिनाने टेबलाची कड धरली. "पाणी झालंय तिचं. कोणी केलं, ते आपल्या तिघांनाही माहीत आहे."

ॲव्हरिल विसळलेला कप पुसायला लागली.

"मी झाकत बसले, बेन. नूरबानूपासून, इव्हानपासून. पोरीसमोर बोलायचं नव्हतं मला. पण तू परत प्यायला लागलायस."

बेंजामिनने आधी ॲव्हरिलकडे पाहिलं, मग आल्बिनाकडे. कितीतरी दिवसांनी सरळ तिच्याकडे.

"हो," तो म्हणाला. "इव्हानलाही तसंच सांग. मीच."

आल्बिना खुर्चीत बसली. खुर्ची जरा बाजूला निघाली, तशी त्याने ती मागून धरली. तिला रडू आलं. इतकं कबूल करायला किती जड गेलं असेल त्याला.

"नो, डॅडी. आता नको," ॲव्हरिल म्हणाली. ती आईसमोर खाली बसली. मराठी शब्द तिला एकेक करून शोधावे लागत होते.

"ममा, डॅडी नाही पीत. तू पितेस. ते फक्त पाणी टाकतात रोज... तुला कमी चढावी म्हणून."