लुयांडो पुढे गेली की

चोमा गावात लॅपटॉप दुरुस्त करणारी मुटिंटा पुरती चक्रावली होती. लुयांडो मास्तरीणबाईंनी नवाकोरा लॅपटॉप तिसऱ्यांदा तिच्या टेबलावर आणून ठेवला होता.

"ग्राफिक्स कार्डच खराब आहे गं. नवऱ्याशी फुटबॉलचा गेम खेळताना मी दोन गोलांनी पुढे गेले रे गेले, की पडदा काळा!"

मुटिंटाने ड्रायव्हर बदलले, पंखा साफ केला, तीन दिवस गेम चालू ठेवला. कार्डाने हूं की चूं केलं नाही. शेवटी शनिवारी ती त्यांच्या घरीच गेली. लुयांडो आत मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती, म्हणून मुटिंटाच तिच्या नवऱ्याशी, हामूंगाशी, खेळायला बसली. हामूंगा म्हणजे गावच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. लॅपटॉप टीव्हीला जोडून खाली फरशीवर ठेवलेला. मुटिंटाने पहिला गोल केला, तेव्हा तो हसला. दुसऱ्याला त्याला घाम फुटला. तिसरा होणार, तोच पडदा काळा झाला.

मुटिंटाने वाकून पाहिलं. हामूंगाच्या पायाचा अंगठा लॅपटॉप बंद करायच्या बटणावर घट्ट रुतला होता.

"कार्डच गेलंय म्हण ना," तिकडच्या विनवणीच्या रीतीने दोन्ही हातांचे तळवे हलकेच वाजवत तो गयावया करू लागला. "गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

"सापडला का गं बिघाड?" आतून लुयांडोने विचारलं.

"सापडला, ताई! पण लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या? वॉरंटी संपली असेल, तर आता बदलून मिळायचा नाही."