सुरक्षित हिरवळ

वरळीच्या टॉवरमधल्या लॉनवर राजरत्नने सकाळीच औषध फवारलं होतं. कॅनवर फवारणी कंपनीच्या मालकांनी 'शंभर टक्के सेंद्रिय, मुलांसाठी सुरक्षित' असं लेबल चिकटवलं होतं. त्याखाली विषाची खूण आहे, हे राजरत्नला ठाऊक होतं.

जाहिरातीच्या फोटोसाठी सोसायटीतलं कुणी आपलं मूल देईना.

मालक म्हणाले, "तुझी मुलगी आलीय ना आज? तिला सोड गवतावर, अनवाणी."

"तिला नको, साहेब."

"मग उद्यापासून तूही येऊ नकोस."

राजरत्नने चपला काढल्या, पाच वर्षांच्या लेकीला खांद्यावर घेतलं आणि स्वतःच गवतात उतरला. "पप्पा, मला खाली सोड ना," ती म्हणत राहिली. फोटो निघेपर्यंत त्याने तिचे पाय घट्ट धरून ठेवले.

पुढच्या आठवड्यात फवारणी आटोपून तो वळला, तर एक बाई आपल्या रांगत्या बाळाला गवतावर ठेवत होत्या.

"ताई, आत्ता नको," तो घाईने म्हणाला.

त्या हसल्या. "अहो, लिफ्टमधला तुमचा आणि मुलीचा फोटो बघूनच तर आणलंय याला."