टर्नटेबलावरच्या कुरडया

"ते टर्नटेबल उद्याच भंगारात काढा," रेल्वेच्या इंजिन-शेडच्या ऑफिसात बसून मोठे साहेब गरजले. "आता इंजिनं दोन्ही बाजूंनी चालतात. त्यांचं तोंड फिरवायला एवढं धूड कशाला? दहा वर्षांत जागचं हललंय तरी का?"

"रोज हलतं की, साहेब," फोरमन रेवणकर खाली मान घालून म्हणाले.

"दाखवा!"

नाइलाजाने रेवणकर त्यांना बाहेर घेऊन गेले. टर्नटेबलावर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि साड्यांवर कॉलनीभरच्या कुरडया. शेडची सावली त्यांच्यावर आली होती. रेवणकरांच्या बायकोने, इंदुमतीवहिनींनी, पदर खोचून टर्नटेबलाच्या दांड्याला खांदा लावला. चौघी मदतीला आल्या, टर्नटेबल फिरलं आणि सगळा पसारा अलगद उन्हात गेला.

"सावली सरकली की आम्ही हे सरकवतो," वहिनी म्हणाल्या. "आणि वंगण सरकारी नाही हो, तळणीतलं उरलेलं तेल घालतो."

साहेब लालबुंद झाले. वहिनींनी त्यांच्या हातात दूध-साखर घातलेल्या, कुरडयांच्या गरम चिकाची वाटी ठेवली. पहिल्या घासाला साहेबांनी डोळे मिटले. दुसऱ्याला त्यांनी खुर्ची मागितली.

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि एक जुनं, एकतोंडी इंजिन समोर येऊन थांबलं. "उलटं चालवताना पुढचं काही दिसत नाही," ड्रायव्हर ओरडला. "फिरवून द्या लवकर!"

झेंड्या हातात घेऊन रेवणकरांनी उडीच मारली. "बघा साहेब, लागतं की नाही टर्नटेबल!"

साहेब वाटीसकट उठले, रेवणकरांच्या हातातली लाल झेंडी हिसकावून रुळांच्या मधोमध उभे राहिले आणि गरजले, "आधी कुरडया वाळू द्या!"