चार बोटं

सीट पुन्हा खाली आली होती. मोजून चार बोटं.

फाटकाबाहेर दोन पेडल मारल्यावरच नर्सला ते कळलं. गुडघे हँडलला भिडायला निघाले होते. सातची पाळी, वाजले होते साडेसहा, आणि वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने कालच बजावलं होतं, महिन्यात तीनदा उशीर झालाय, आता एकदा जरी झाला तरी सकाळची पाळी विसरा. सकाळची पाळी गेली की मुलगी शाळेतून येईल तेव्हा घरात आई नसणार. आणि हे सगळं अडलं होतं एका सीटपाशी. ती तशीच रेटत, मनातल्या मनात सायकल मिस्त्रीचा उद्धार करत कोपऱ्यावर त्याच्या दुकानापर्यंत आली.

"तुमचा बोल्ट भिकार आहे," ती म्हणाली.

मिस्त्रीने हे या आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकलं. त्याने दोन्ही हातांनी सीटवर सगळा भार टाकला. सीट ढिम्म.

"सिस्टर, बोल्ट नवा आहे. हत्ती बसवा, सरकणार नाही."

"मग रोज हत्तीच बसत असेल."

त्याने पाना लावून सीट वर केली आणि नेहमीचं प्रवचन पुन्हा सुरू केलं. शेजारी सरळ उभं राहायचं, सीट कमरेच्या हाडाला लागली पाहिजे. एवढं सांभाळलं की गुडघे कुरकुरत नाहीत. हे तिला पाठ झालं होतं. मागच्याच आठवड्यात घरी जेवताना तिने तणतणत सगळ्यांना ते ऐकवलंही होतं.

"बाकी सायकल ठेवावी तर तुम्ही," मिस्त्री पाना पुसत म्हणाला. "चाकात हवा टंच, चेन चकचकीत. लोक धुळीवरच तेल ओततात. तुम्ही आधी पुसता, मग थेंब सोडता."

नर्सने विकत घेतल्यापासून त्या चेनला हात लावला नव्हता. तरी तिने ते कौतुक ठेवून घेतलं. त्या आठवड्यात दुसरं कोणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. वॉर्डात ती धापा टाकत पोचली तेव्हा सातला एक मिनिट होतं.

घरात तिने सगळ्यांची उलटतपासणी घेतली होती. नवरा म्हणाला, मी स्कूटर सोडून तुझ्या सायकलला कशाला हात लावू? मुलीला पाना फिरवता येत नव्हता. सासूबाईंना तिने विचारलंच नाही. त्यांचे गुडघे दुखत. अंगणाच्या तीन पायऱ्या त्या भिंत धरून उतरत. शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला, फाटकाला कुलूप लावून झालं. तरी सकाळी सीट खालीच.

शनिवारी तिचं डोकं फिरलं. सायकल विकायची आणि बसने जायचं, तिने जाहीर केलं. त्यासाठी पाऊण तास आधी उठावं लागणार होतं, पण रोजच्या या कटकटीपेक्षा ते परवडलं. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी एकाच टॉवेलची तीनदा घडी केली.

रविवारी मिस्त्री सायकल बघायला घरी आला. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं. त्याने चाकं फिरवली, स्पोक चाचपले, घंटी वाजवली.

"मागचा ब्रेक कसा आहे?"

"बरा आहे," नर्स अंदाजाने म्हणाली.

"बरा कुठला," पायरीवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीच्या उतारावर धरतच नाही. पुढचा हळूहळू दाबावा लागतो."

मिस्त्रीने मान वर केली. नर्सनेही त्यांच्याकडे पाहिलं. सासूबाईंना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं, आणि त्या पायरीवरचा नसलेला कचरा हाताने झाडू लागल्या.

"आई, तुम्ही?"

"पहाटे रस्ता मोकळा असतो," त्या म्हणाल्या. "चालताना गुडघे दुखतात, सायकलवर नाही दुखत. माहेरी चालवायचे मी. मग राहून गेली."

"आणि सीट?"

"ती खाली घ्यावी लागते, माझे पाय टेकत नाहीत. पण आल्यावर वर करून ठेवते की. रोज. तू सांगितलंस तस्संच." त्या भिंत न धरता खाली उतरल्या, सायकलशेजारी सरळ उभ्या राहिल्या आणि सीट कमरेला लागते ते हाताने दाखवलं. "ही बघ. बरोब्बर आहे."

उंचीने त्या नर्सच्या कानाला लागत होत्या. मिस्त्रीला एकदम मागच्या टायरमध्ये काहीतरी बघायचं सुचलं आणि तो पाठ करून खाली बसला.

नर्सला ओरडायचं होतं. महिनाभराचा राग तिच्या तोंडाशी आला होता आणि आता तो कोणावर काढावा ते कळेना. चेन कोण पुसतं हेही तिला आत्ता कळलं. बारा वर्षांत तिने या बाईला गुडघ्यांखेरीज काही विचारलं नव्हतं. तिला फार लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा चीडही आली.

"पाना आणि कानस द्या," ती मिस्त्रीला म्हणाली. तिने सीट स्वतःच्या कमरेपर्यंत वर घेतली, सीटखालच्या दांड्यावर कानशीने आडवी खूण केली आणि बोल्ट सैल करून सीट पुन्हा खाली सोडली. "सायकल विकायची नाही. आई, बसा वर. पाय टेकले की सांगा, दुसरी खूण करते."

सासूबाईंनी हँडल धरलं, पण त्या बसल्या नाहीत.

"आधी त्यांना मागचा ब्रेक नीट करायला सांग," त्या म्हणाल्या. "किती दिवस सांगायचं होतं."