दुष्काळी पट्टा

ऐंशी सालची लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. विट्याच्या कॉलेजात भूगोल शिकवणारे आकाराम सर शेजारच्या आप्पासोंना भिंतीवरचा नकाशा समजावून सांगत होते. कडेगावच्या पुढचा सगळा दुष्काळी पट्टा त्यांनी रंगीत पेन्सिलीनं बाईंच्या नावावर करून टाकला होता. "पाऊस नाही तिथं माणूस आशेवर जगतो. दिल्लीत बाई परत येणार, लिहून घ्या!"

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोच्या, अंजनाच्या कडेवर तिसरं लेकरू होतं. आणीबाणीत नसबंदी शिबिराची जीप गावात शिरली की सर ओढ्यांची पाहणी करायला डोंगरावर जायचे. हे त्या पाहणीचंच फळ. चौथ्याच्या नुसत्या विचारानं तिची झोप उडायची.

"आप्पासो भावजी, बाई आल्या तर ती शिबिरंही परत येतील का हो?"

"येणार की वहिनी! पयलं मास्तर लोकच धरतील. आन् गड्या, तुजी तर तीन हायत!"

सरांची बशी ओठापाशीच थांबली. मग त्यांनी खोडरबर शोधलं आणि दुष्काळी पट्टा पुसायला घेतला. "जरा घाईच झाली माझी. यंदा तिकडं पाऊस बरा झालाय. बाईंचं काही खरं नाही."

अंजनानं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं.



"मग बाईंच्या भरवशावर कशाला राहायचं? सोमवारी तुम्हीच चला दवाखान्यात, मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय."